कंपनीत शब्द कोणाचा चालतो? कागदपत्रांवरून सत्ता ओळखण्याची पद्धत

२४ ऑक्टोबर २०१६ रोजी टाटा सन्सच्या संचालक मंडळाने अध्यक्ष सायरस मिस्त्री यांना एका बैठकीत पदावरून दूर केले. मिस्त्री यांच्या घराण्याच्या शापूरजी पालनजी समूहाकडे कंपनीचे १८ टक्क्यांहून थोडे अधिक भागभांडवल होते. टाटा ट्रस्ट्सकडे सुमारे ६६ टक्के होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २६ मार्च २०२१ च्या निकालाने टाटांची बाजू कायम राहिली. पद एकाकडे आणि सत्ता दुसरीकडे असू शकते, आणि ती कोणाकडे आहे हे बहुतेक वेळा आधीच कुठल्या ना कुठल्या कागदावर लिहिलेले असते. ते कागद कोणते आणि कोणत्या क्रमाने वाचायचे, ते पुढे दिले आहे. मोठी गुंतवणूक करणाऱ्याला, वरच्या पदावर रुजू होणाऱ्याला किंवा कंपन्यांविषयी लिहिणाऱ्याला ही पद्धत उपयोगी पडेल.

आधी हे जमवा: गेल्या पाच वर्षांचे वार्षिक अहवाल, सर्वात ताजी भागधारणेची यादी, कंपनीची नियमावली म्हणजे आर्टिकल्स ऑफ असोसिएशन, गेल्या तीन वार्षिक सभांच्या नोटिसा व मतदानाचे निकाल, आणि कर्जरोखे असतील तर पतमानांकन संस्थांचे अहवाल. अमेरिकी कंपनी असेल तर वार्षिक सभेआधी येणारे प्रॉक्सी स्टेटमेंट सर्वात आधी उघडा. मालकी, पगार, संचालकांचे हितसंबंध हे सगळे तिथे एकत्र मिळते. भारतात भागधारणेचा तपशील दर तिमाहीनंतर २१ दिवसांत शेअर बाजाराला द्यावा लागतो, त्यामुळे वार्षिक अहवालातल्या जुन्या यादीवर विसंबू नका.

पहिला प्रश्न: मुख्य अधिकाऱ्याला काढू कोण शकतो?

इथे शेअर मोजू नका, मते मोजा. एका कागदावर दोन रकाने करा. एकात प्रत्येकाचा भांडवलातला वाटा लिहा, दुसऱ्यात मतांमधला. दोन्ही आकडे जुळले तर काम सोपे आहे. जुळले नाहीत तर कंपनीत एकापेक्षा जास्त वर्गांचे शेअर आहेत. मेटामध्ये ‘ब’ वर्गाच्या एका शेअरला १० मते आहेत. त्यामुळे मार्क झुकरबर्ग यांचा भांडवलातला वाटा साधारण १३ टक्के असूनही मतांमध्ये त्यांचे बहुमत आहे. अल्फाबेटमध्ये तीन वर्ग आहेत: एका मताचा, १० मतांचा आणि मतच नसलेला. स्नॅपने २०१७ मध्ये शेअर विक्रीस काढले तेव्हा जनतेला विकलेल्या शेअरना एकही मत दिले नाही. फोर्ड घराण्याकडे खास वर्गाच्या शेअरमुळे ४० टक्के मते आहेत, भांडवलातला वाटा मात्र फारच लहान आहे. फ्रान्समध्ये आणखी एक गोष्ट तपासावी लागते. २०१४ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत शेअर दोन वर्षे सलग धरून ठेवणाऱ्याला, कंपनीने ठराव करून नाकारले नसेल तर, दुप्पट मते मिळतात.

उलट प्रकारही असतो. निस्सानकडे रेनोचे १५ टक्के शेअर होते, पण त्यांना मत नव्हते. रेनोकडे निस्सानचे ४३ टक्क्यांहून अधिक शेअर होते आणि त्यांना मत होते. दोन कंपन्यांमधला वर्षानुवर्षांचा ताण समजून घ्यायला आधी हे दोन आकडे माहीत हवेत.

मग उंबरठे लिहा. भारतात आणि ब्रिटनमध्ये साध्या ठरावाला निम्म्याहून अधिक मते लागतात, विशेष ठरावाला ७५ टक्के. म्हणजे झालेल्या मतदानाच्या २५ टक्क्यांहून अधिक मते ज्याच्याकडे आहेत तो नियमावलीतला बदल, विलीनीकरणासारखे मोठे निर्णय रोखू शकतो. जपानमध्ये विशेष ठरावाला दोनतृतीयांश मते लागतात, त्यामुळे तिथे रोखणारा आकडा एकतृतीयांशाच्या वर जातो. फोक्सवॅगनसाठी जर्मनीत वेगळा कायदाच आहे. महत्त्वाच्या ठरावांना ८० टक्क्यांहून अधिक मते हवीत आणि लोअर सॅक्सनी राज्याकडे २० टक्के मते आहेत. राज्य सरकारला तिथे नकाराधिकार आहे, मग मुख्य भागधारक कोणीही असो.

इथली नेहमीची चूक म्हणजे सगळे भागधारक मतदान करतात असे धरणे. तसे कधीच होत नाही. ३५ टक्के मते असलेल्या गटाच्या कंपनीत मतदान ७० टक्केच झाले, तर तो गट एकटाच निम्म्यावर पोहोचतो. म्हणून गेल्या तीन सभांत किती टक्के मतदान झाले ते पाहा आणि प्रत्येकाचा वाटा त्या आकड्याने भागा. सत्ता त्या भागाकारात दिसते.

शेवटी संचालकांच्या मुदती पाहा. काही कंपन्यांत दर वर्षी एकतृतीयांश संचालकच निवडणुकीला उभे राहतात. अशा मंडळात बहुमत मिळवायला बाहेरच्या माणसाला किमान दोन वार्षिक सभा जिंकाव्या लागतात, आणि मधल्या वर्षात व्यवस्थापन बरेच काही करू शकते.

मालकीची साखळी शेवटच्या माणसापर्यंत नेऊन सोडा

भागधारणेच्या यादीत एखाद्या कंपनीचे नाव दिसले की थांबू नका. तिचा मालक शोधा, त्याचा मालक शोधा. चार थरांची साखळी घ्या. वरच्या माणसाची पहिल्या कंपनीत ५१ टक्के मालकी, तिची दुसरीत ५१, तिची तिसरीत ५१. तिसऱ्या कंपनीवर त्या माणसाचे पूर्ण नियंत्रण आहे, पण तिथल्या पैशात त्याचा खरा वाटा ०.५१ × ०.५१ × ०.५१, म्हणजे सुमारे १३ टक्के. अशा रचनेत खालच्या कंपनीतून वरच्या कंपनीकडे पैसा नेण्याचा मोह जबर असतो. खालच्या कंपनीत १०० रुपयांचे नुकसान झाले तर त्याला १३ सोसावे लागतात, आणि तेच १०० पहिल्या कंपनीत आले तर त्याचे ५१ होतात. ही साखळी सापडली की हिशेबाच्या टिपांमधला ‘संबंधित पक्षांशी व्यवहार’ हा भाग दुप्पट लक्ष देऊन वाचा.

साखळी विश्वस्त संस्थेपाशी संपली तर तिथेही एक प्रश्न उरतो: विश्वस्तांची नेमणूक कोण करते? संस्थेचे नाव नुसते नोंदवून ठेवल्याने हाती काही लागत नाही.

यादीत बँकेचे किंवा कस्टोडियनचे, म्हणजे इतरांचे शेअर सांभाळणाऱ्या संस्थेचे, नाव असेल तर मागे वेगळाच गुंतवणूकदार असतो. आणि मोठे निर्देशांक फंड, म्हणजे शेअर निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्यांचे शेअर घेऊन ठेवणारे फंड, वेगळे मोजा. ब्लॅकरॉक, व्हॅनगार्ड, स्टेट स्ट्रीट ही नावे अनेक अमेरिकी कंपन्यांत पहिल्या पाचांत दिसतात. ते स्वतःहून भांडण उकरून काढत नाहीत, पण भांडण पेटले की निकाल त्यांच्या मतांवर लागतो. २०२१ मध्ये इंजिन नंबर वन या छोट्या फंडाने एक्झॉनच्या मंडळात आपले तीन संचालक निवडून आणले. त्याच्याकडे एक्झॉनचे जेमतेम ०.०२ टक्के शेअर होते. बाकीचे बळ मोठ्या फंडांच्या मतांतून आले.

नकाराधिकार कुठे लपलेला आहे?

नियमावली आणि भागधारकांमधले करार वाचायला लोक कंटाळतात, आणि तिथेच फसतात. टाटा सन्सच्या नियमावलीतले १२१ वे कलम पाहा. ठरावीक बाबींवर निर्णय व्हायला ट्रस्टांनी नेमलेल्या संचालकांपैकी बहुसंख्यांचा होकार आवश्यक होता. मतांच्या मोजणीत मंडळातले इतर कितीही जण बाजूने असले तरी त्या होकाराविना निर्णय होत नाही.

शोधताना तीन गोष्टी टिपा. एक, कोणत्या बाबींना कोणाची पूर्वसंमती लागते: नवे कर्ज, अंदाजपत्रक, मुख्य अधिकाऱ्याची नेमणूक, मालमत्तेची विक्री. दोन, गणपूर्तीची अट. ‘अमक्याचा प्रतिनिधी हजर असल्याशिवाय सभा वैध नाही’ असे वाक्य असेल तर तो प्रतिनिधी नुसता गैरहजर राहून काम थांबवू शकतो. तीन, संचालक सुचवण्याचा हक्क कोणाला आहे आणि किती टक्के भागधारणेखाली तो संपतो. ही शेवटची अट बहुतेकांच्या नजरेतून सुटते, आणि गुंतवणूकदाराने थोडे शेअर विकले की मंडळाचे गणित एका दिवसात पालटते.

सावकाराचा शब्द

कंपनी बरी चालते तोवर भागधारकाची सत्ता असते. पैसे संपत आले की ती कर्ज देणाऱ्याकडे सरकते, आणि हे सरकणे फार वेगाने होते. १९९८ च्या सप्टेंबरात लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट हा फंड बुडायला आला. त्याचे भागीदार आपल्या क्षेत्रातले अतिशय हुशार लोक होते, त्यांत दोन नोबेल विजेते होते. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हच्या पुढाकाराने १४ वित्तसंस्थांनी ३.६ अब्ज डॉलर घातले आणि बदल्यात फंडाची ९० टक्के मालकी घेतली.

एनडीटीव्हीचे प्रकरण आणखी बोलके आहे. संस्थापकांच्या आरआरपीआर या कंपनीने एका दुसऱ्या कंपनीकडून सुमारे ४०३ कोटी रुपयांचे कर्ज घेतले होते आणि त्याबरोबर वॉरंट, म्हणजे पुढे शेअरमध्ये बदलता येणारे हक्क, दिली होती. ती वॉरंट शेअरमध्ये बदलली तर आरआरपीआर जवळजवळ पूर्णच कर्ज देणाऱ्याची होणार होती. आरआरपीआरकडे एनडीटीव्हीचे २९.१८ टक्के शेअर होते. ऑगस्ट २०२२ मध्ये अदानी समूहाने कर्ज देणारी ती कंपनी विकत घेतली आणि वॉरंटचा हक्क बजावला. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या कर्जाच्या अटीने वृत्तवाहिनीची मालकी पालटली.

म्हणून कर्जाविषयी हे तपासा:

– प्रवर्तकांचे, म्हणजे कंपनी उभी करून ताब्यात ठेवणाऱ्यांचे, किती शेअर गहाण आहेत. भांडवलाचे ४० टक्के त्यांच्याकडे असतील आणि त्यातले ६० टक्के गहाण असतील, तर २४ टक्के दुसऱ्याच्या हातात जाऊ शकतात आणि १६ उरतात. आता उंबरठ्यांचे गणित १६ वर पुन्हा करा.
– शेअरचा भाव किती पडला की सावकार जादा तारण मागेल. भाव पडला की तारण विकले जाते, विक्रीने भाव आणखी पडतो. हे चक्र सुरू झाले की प्रवर्तकाच्या हातात काही राहत नाही.
– मालकी बदलली तर कर्ज लगेच फेडावे लागेल अशी अट आहे का. असल्यास मोठ्या सावकाराला कोणत्याही विक्रीवर नकाराधिकार मिळालेला असतो.
– येत्या बारा महिन्यांत किती कर्ज परत करायचे आहे आणि हातात रोकड किती. तूट मोठी असेल तर पुढचे वर्षभर कंपनी सावकाराच्या कलाने चालेल.

संचालक मंडळ: किती जण खरोखर नाही म्हणू शकतात?

‘स्वतंत्र’ हा शिक्का पुरावा मानू नका. प्रत्येक संचालकासमोर लिहा: कधी आला, कोणाच्या काळात आला, इतर कुठल्या मंडळांवर मुख्य अधिकाऱ्याबरोबर बसतो, त्याच्या संस्थेला कंपनीकडून देणगी किंवा काम मिळते का. लेखापरीक्षण समितीचा प्रमुख आणि नेमणूक समितीचा प्रमुख ही दोन नावे सर्वात महत्त्वाची. पहिला वाईट बातमी दाबू शकतो किंवा उघड करू शकतो, दुसरा पुढचे मंडळ ठरवतो. अध्यक्ष आणि मुख्य कार्यकारी अधिकारी एकच असेल तर मंडळाची विषयपत्रिका तोच ठरवतो. लेहमन ब्रदर्समध्ये रिचर्ड फुल्ड ही दोन्ही पदे चौदा वर्षे सांभाळत होते. १५ सप्टेंबर २००८ रोजी ती बँक दिवाळखोरीत गेली.

मतदानाचे निकाल वाचण्याची एक रीत आहे. ती शिकून घ्यावीच. समजा, नियंत्रक गटाकडे ६० टक्के शेअर आहेत, मतदान ९० टक्के झाले आणि ठराव ७८ टक्क्यांनी मंजूर झाला. बातमी येते ‘भरघोस पाठिंबा’. आता नियंत्रक गट बाजूला काढा. बाजूने पडलेली मते एकूण शेअरच्या ७०.२ टक्के, त्यातले ६० गटाचेच, म्हणजे इतरांचे १०.२. विरोधात १९.८. बाहेरच्यांपैकी मतदान केलेल्या दर तिघांतल्या दोघांनी विरोध केला आहे. हा आकडा दोन-तीन वर्षे वाढत असेल तर संघर्ष जवळ आला आहे.

पराभव न होताही सत्ता जाते. मार्च २००४ मध्ये डिस्नेच्या सभेत सुमारे ४३ टक्के मतांनी मायकेल आयझनर यांना पाठिंबा नाकारला. नियमाप्रमाणे ते संचालक म्हणून निवडून आले, पण त्याच दिवशी मंडळाने त्यांचे अध्यक्षपद काढून घेतले आणि पुढच्या वर्षी ते मुख्य अधिकारी पदावरूनही गेले.

माहितीची आणि माणसांची सत्ता

ही कागदावर कमी दिसते. व्यवहार करणारा आणि त्या व्यवहारांच्या नोंदी ठेवणारा एकच माणूस असेल, तर त्याचे पद कितीही खालचे असो, कंपनीचे भवितव्य त्याच्या हातात आहे. बेअरिंग्ज बँकेच्या सिंगापूर कार्यालयात निक लीसन दोन्ही कामे पाहत होता. १९९४ च्या अंतर्गत तपासणीने ही कामे वेगळी करा असे सुचवले होते. ते झाले नाही. फेब्रुवारी १९९५ मध्ये ८२.७ कोटी पौंडांचा तोटा उघड झाला आणि दोनशे वर्षांहून जुनी बँक एका पौंडाला विकली गेली. म्हणून विचारा: अंतर्गत लेखापरीक्षक कोणाला अहवाल देतो आणि त्याचा पगार व बढती कोण ठरवते? उत्तर ‘वित्तप्रमुख’ असे आले, तर वित्तप्रमुखावर कोणाचाही डोळा नाही.

कर्मचाऱ्यांचे बळही मोजा, विशेषतः जिथे खरी मालमत्ता माणसांच्या डोक्यात आहे. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयच्या मंडळाने मुख्य अधिकारी सॅम ऑल्टमन यांना काढले. मंडळाला तो अधिकार पूर्णपणे होता. सुमारे ७७० पैकी ७०० हून अधिक कर्मचाऱ्यांनी सोडून जाण्याचा इशारा दिला, मायक्रोसॉफ्टने त्यांना नोकरी देऊ केली, आणि पाच दिवसांत ऑल्टमन परतले, मंडळ मात्र बदलले.

महत्त्वाकांक्षा कागदावर कशी दिसते

मुख्य अधिकाऱ्याला बोनस कशावर मिळतो ते आधी वाचा, त्याची भाषणे नंतर. बोनस उलाढालीवर असेल तर तो कंपन्या विकत घेईल, कारण उलाढाल वाढवण्याचा तो सर्वात जलद मार्ग आहे. बोनस प्रतिशेअर नफ्यावर असेल तर शेअर परत विकत घेण्याकडे त्याचा कल राहील. १०० कोटी नफा आणि १० कोटी शेअर म्हणजे शेअरमागे १० रुपये. कर्ज काढून १ कोटी शेअर परत घेतले की, व्याजाचा भार सोडला तर, तोच आकडा ११.११ होतो. व्यवसाय तसूभरही वाढलेला नसतो, कर्ज मात्र वाढलेले असते.

मोठ्या खरेदीचा आकार खरेदीदाराच्या स्वतःच्या भांडवलाशी ताडून पाहा. २००७ मध्ये रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड, फोर्टिस आणि सांतांदेर यांनी मिळून एबीएन आम्रो सुमारे ७१ अब्ज युरोंना घेतली. बाजार आटत चालला होता तरी सौदा पुढे रेटला गेला. वर्षभरात पहिल्या दोघांना सरकारी मदतीने वाचवावे लागले.

संबंधित पक्षांचे व्यवहार हा सगळ्यात स्पष्ट इशारा. एन्रॉनच्या मंडळाने १९९९ मध्ये वित्तप्रमुख अँड्र्यू फास्टो यांना आचारसंहितेतून सूट दिली, म्हणजे त्यांनी स्वतः चालवलेल्या भागीदाऱ्यांना एन्रॉनशी व्यवहार करता आले. डिसेंबर २००१ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. कार्यालयांसाठी जागा भाड्याने देणाऱ्या वीवर्कने ऑगस्ट २०१९ मध्ये जाहीर केलेल्या माहितीपत्रकात सगळे उघड लिहिले होते: संस्थापक अॅडम न्यूमन यांच्या एका शेअरला २० मते, त्यांच्या मालकीच्या इमारती कंपनीने भाड्याने घेतलेल्या, ‘वी’ या नावासाठी ५९ लाख डॉलर त्यांच्याशी संबंधित कंपनीला दिलेले. वाचणाऱ्यांनी वाचले, आणि सहा आठवड्यांत न्यूमन यांचे पद गेले. सत्यमने १६ डिसेंबर २००८ रोजी राजू कुटुंबाच्या मेटास कंपन्या घेण्याचे जाहीर केले, तेव्हा गुंतवणूकदार भडकले आणि काही तासांत निर्णय मागे घ्यावा लागला. तीन आठवड्यांनी सत्यमचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनीच पत्रात कबूल केले की हिशेबातल्या खोट्या मालमत्तेच्या जागी खरी आणण्याचा तो शेवटचा प्रयत्न होता. मेटासचा ठराव मंजूर करणाऱ्या मंडळात नामवंत स्वतंत्र संचालक होते, हे विसरू नका.

तुम्हीच वरचे पद स्वीकारत असाल तर

होकार देण्यापूर्वी अधिकारांची मर्यादापत्रिका मागा: किती रकमेपर्यंतचा खर्च, कर्ज, करार तुमच्या सहीने होईल आणि त्यापुढे कोणाची सही लागेल. वित्तप्रमुख आणि मनुष्यबळ प्रमुख यांना बदलण्याचा अधिकार तुम्हाला आहे का हे लेखी घ्या. तो नसेल तर तुम्ही दुसऱ्याची टोळी चालवणार आहात. आधीचा प्रमुख मंडळावर राहणार आहे का, कुठल्या पदावर आणि किती काळ, हे विचारा. माजी प्रमुखाचे दालन त्याच मजल्यावर राहिले की अधिकारी निर्णयासाठी तिकडेच जात राहतात. तुमच्या नियुक्तिपत्रातले ‘कारणाविना बडतर्फी’ हे कलम वकिलाला दाखवा. नुकसानभरपाई किती आणि न मिळालेल्या शेअरचे काय होणार हे त्यातच ठरते. मंडळातल्या किमान तीन सदस्यांना एकेकटे भेटा आणि प्रत्येकाला एकच विचारा: आधीचा माणूस का गेला? तीन वेगळी उत्तरे आली तर मंडळात गट आहेत, आणि तुमची नेमणूक त्यातल्या एका गटाचा विजय आहे. कोणत्या, ते रुजू होण्याआधी शोधा.

तयार झालेल्या कागदावर तारीख घाला आणि वर्षाने नव्हे, घटनेने तो नवा करा: लेखापरीक्षक मुदतीआधी गेला, वित्तप्रमुखाने राजीनामा दिला, गहाण शेअर वाढले, निकाल जाहीर करण्याची तारीख पुढे ढकलली, एखाद्या स्वतंत्र संचालकाने ‘वैयक्तिक कारणास्तव’ पद सोडले. यातल्या दोन घटना एकाच तिमाहीत घडल्या तर सुरुवातीच्या दोन रकान्यांपासून सगळे पुन्हा मांडा.